दूरदूरच्या मित्रांसोबत आरपीजी: व्हीटीटी कुठला घ्यावा?

कंदीलधारी

मंडळी, आरपीजी (पात्रांच्या भूमिका घेऊन गोष्टीत उतरायचा खेळ) खेळणारा आमचा जुना गट आहे, माझ्यासकट पाच जणांचा. पूर्वी एका टेबलाभोवती बसून खेळायचो, आता सगळे वेगवेगळ्या टाइमझोनमध्ये पांगलेत. अर्धवट राहिलेलं कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी गोष्ट) पुन्हा सुरू करायचं ठरलंय आणि जीएम, म्हणजे गोष्ट आणि नियम चालवणारा, अर्थातच मी. आतापर्यंत नुसत्या व्हिडिओ कॉलवर भागवलं. गप्पा, चौकशा, दरबारातली कारस्थानं हे सगळं झकास जमतं. पण तलवारी उपसल्या रे उपसल्या की "मी नक्की कुठे उभा आहे?", "मधे खांब होता ना?", "फायरबॉलमध्ये मी पण सापडतो का?" यातच तास जातो.

म्हणून व्हर्च्युअल टेबलटॉप (व्हीटीटी), म्हणजे नकाशा-फाशांचं ऑनलाइन टेबल, शोधतोय. रोल२०, फाउंड्री, फँटसी ग्राउंड्स, आउलबेअर रोडिओ, मॅपटूल, टेबलटॉप सिम्युलेटर... यादी संपत नाही, आणि प्रत्येकाचे भक्त बाकीच्यांना नावं ठेवतात. आमची परिस्थिती अशी: एकाचा लॅपटॉप म्हातारा आहे, एक जण फक्त टॅबलेटवरून येणार. सध्या डी अँड डीची (डंजन्स अँड ड्रॅगन्सची) पाचवी आवृत्ती, नंतर कॉल ऑफ कथुलू हा भयकथांचा आरपीजी खेळायचा विचार. मला संगणक कळतो, पण सर्व्हर कधी चालवलेला नाही. आणि अंधारात कंदिलाच्या उजेडाचं वर्तुळ हलताना दिसलंच पाहिजे. हट्ट समजा.

षट्कोनी

आधी सर्व्हर कोणाचा ते ठरवा, बरेचसे पर्याय आपोआप गळतील.

रोल२० त्यांच्या सर्व्हरवर चालतं. २०१२ पासून आहे, ब्राउझर उघडा आणि खेळा. फुकट खात्यात नकाशे-चित्रांसाठी १०० एमबी जागा मिळते आणि डायनॅमिक लाइटिंग (पात्राला दिसेल तेवढाच नकाशा उजळणं) मिळत नाही, त्याला वर्गणी भरावी लागते. म्हणजे तुमचा कंदील तिथे पैशांवर पेटतो.

फाउंड्री मे २०२० मध्ये आलं. परवाना एकदाच विकत घ्यायचा, तोही फक्त जीएमने. खेळाडूंना काही विकत घ्यावं लागत नाही, ते ब्राउझरमधून येतात. लाइटिंग, भिंती, आवाज सगळं मूळ प्रोग्रॅममध्येच आहे. पण सर्व्हर तुम्ही चालवायचा, नाहीतर कोणाकडून तरी भाड्याने घ्यायचा.

फँटसी ग्राउंड्स २००४ चं, या सगळ्यांचं आजोबा. नियमांची आकडेमोड तेच करतं, पण प्रत्येकाला प्रोग्रॅम बसवावा लागतो, त्यामुळे तुमचा टॅबलेटवाला बाहेर. मॅपटूल मुक्तस्रोत आणि पूर्ण फुकट, मॅक्रो (छोट्या आज्ञावली) लिहायची हौस असेल तर स्वर्ग, पण तेही सगळ्यांनी बसवायचं. टेबलटॉप सिम्युलेटरची प्रत प्रत्येकाला हवी, आणि म्हाताऱ्या लॅपटॉपला थ्रीडी झेपणार नाही.

राहिलं आउलबेअर रोडिओ. नकाशा, टोकन (पात्राची नकाशावरची सोंगटी), धुकं (न पाहिलेला भाग झाकणारं), फासे, बस. खेळाडूला लिंक पाठवली की खातं न उघडता आत. टॅबलेटवर बोटाने नीट चालतं. कॅरेक्टर शीट (पात्राच्या माहितीचा कागद) मात्र तुमची तुम्ही सांभाळायची.

धुक्यातला

मला मूळ प्रश्नच उलटा वाटतो. तुमची अडचण सॉफ्टवेअर नसल्याची नाही, जागा दिसत नसल्याची आहे. तीसुद्धा फक्त लढाईत. त्यासाठी आख्खं कॅम्पेन एखाद्या मोठ्या प्रोग्रॅममध्ये कशाला ओतायचं?

पडद्यावर नकाशा आला की लोक नकाशाकडे बघतात, बोलणाऱ्याकडे नाही. मी एका गटात खेळाडू आहे, तिथे सगळं अत्याधुनिक आहे. भिंती, दारं, पावलांचे आवाज. सेशन सुरू झालं की पहिली दहा मिनिटं सगळे आपापलं टोकन घेऊन खोलीचा कोपरान् कोपरा धुंडाळतात, कोणी काही बोलत नाही. जीएम वर्णन करतोय आणि आम्ही माऊसने दारं उघडतोय. "मी हळूच आत डोकावतो" हे वाक्य त्या गटात मी बऱ्याच दिवसांत ऐकलेलं नाही. वाक्याची गरजच उरत नाही ना!

कॉल ऑफ कथुलूला तर चौकटीचा नकाशा जवळजवळ लागतच नाही. तिथे लागतात जुनी पत्रं, फोटो, वर्तमानपत्रातली कात्रणं, आणि ती नेमक्या क्षणी नेमक्या माणसाच्या पुढ्यात टाकता येणं.

कंदीलधारी

@धुक्यातला, मुद्दा पटतो, पण आमच्यातले दोघं लढाईसाठीच येतात. त्यांना "साधारण वीस फुटांवर" म्हटलं की ते वीस फूट माझ्याशी भांडून पंधरा करतात.

धुक्यातला

मग लढाईपुरता नकाशा ठेवा. लढाई संपली की नकाशा काढा आणि एखादं चित्र लावा: जंगल, सराय, नुसतं आभाळ. चित्रावर टोकन हलवता येत नाहीत, म्हणून लोक पुन्हा बोलायला लागतात. हे कुठल्याही व्हीटीटीत जमतं. फाउंड्रीत जीएमने स्पेसबार दाबला की खेळ थांबतो आणि खेळाडूंची टोकन जागची हलत नाहीत. बरेच जीएम वर्णन सुरू करण्याआधी ते दाबतात. आमच्या जीएमला हे सांगून पाहिलंय, असो.

पोर्ट_३००००

फाउंड्री घरून चालवायचा विचार असेल तर हे वाचा. (नावावरून कळलंच असेल, फाउंड्री मुळात याच पोर्टवर ऐकतं.)

घरच्या राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केला (बाहेरून येणारी जोडणी आपल्या संगणकाकडे वळवली) की काम झालं, असं जुन्या व्हिडिओंमध्ये सांगतात. आता बऱ्याच ठिकाणी ते चालत नाही, कारण इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. त्याला सीजीनॅट म्हणतात. ओळखायचं कसं? राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यापासून सुरू होत असेल, किंवा "माझा आयपी काय" सांगणाऱ्या साइटवर दिसतो त्याहून वेगळा असेल, तर पोर्ट कितीही फॉरवर्ड करा, बाहेरून कोणी येऊ शकणार नाही. अशा वेळी क्लाउडफ्लेअर टनेलसारखा बोगदा, भाड्याचा छोटा सर्व्हर, किंवा फाउंड्री तयार लावून देणारी होस्टिंग सेवा. टेलस्केलसारखं व्हीपीएनही चालतं, पण मग ते प्रत्येक खेळाडूच्या यंत्रावर बसवायला लागतं, आणि गटातला एक तरी त्यात अडकतो.

दुसरी गोष्ट अपलोडची. घरच्या सर्व्हरवरून प्रत्येक खेळाडूला नकाशा तुमच्या अपलोडमधून जातो. नकाशा २० एमबीचा, खेळाडू चार, म्हणजे ८० एमबी. अपलोड १० एमबीपीएस असेल तर सेकंदाला सव्वा एमबी, म्हणजे मिनिटाहून जरा जास्तच वेळ सगळे काळ्या पडद्याकडे बघत बसणार. पीएनजीऐवजी वेबपी (चित्र जास्त दाबणारा फाइलचा प्रकार) वापरा, तोच नकाशा कितीतरी लहान होतो. शिवाय पुढचा सीन आधीच प्रीलोड करायची सोय आहे, खेळाडू गप्पांत रंगलेले असताना ती वापरा.

षट्कोनी

+१. एक भर: वेबपी केल्याने डाउनलोड लवकर होतं, म्हाताऱ्या लॅपटॉपचं ओझं मात्र तेवढंच राहतं. ग्राफिक्स मेमरीत चित्र उलगडूनच बसतं, दर पिक्सेलला चार बाइट. ४००० बाय ४००० चा नकाशा म्हणजे ६४ एमबी, ८००० बाय ८००० म्हणजे थेट २५६. फाइल कितीही दाबलेली असली तरी. त्यामुळे त्या लॅपटॉपवाल्यासाठी पिक्सेलच कमी करा. एका चौकटीला ७० ते १०० पिक्सेल पुष्कळ झाले. रोल२० मध्ये मूळ चौकट ७० ची असते, फाउंड्रीत १०० ची. नकाशा विकत घेतलात तर त्यावर किती बाय किती चौकटी आहेत ते फाइलच्या नावात बहुधा लिहिलेलं असतं. त्यावरून हिशेब करून लहान करा, नाहीतर ग्रिड (चौकटींची जाळी) जुळवताना वेड लागेल.

पाऊण_बार्ड

टॅबलेटवाल्यांच्या वतीने बोलते, कारण मी तीच आहे.

फाउंड्री मोबाईल-टॅबलेटसाठी बनवलेलं नाही. उघडतं, पण राइट-क्लिक आणि माऊस नुसता वर नेऊन माहिती बघणं यावर त्याचा बराच डोलारा उभा आहे, आणि बोटाला या दोन्ही गोष्टी येत नाहीत. शीटची खिडकी उघडली की नकाशा दिसत नाही, नकाशा उघडला की चॅट दिसत नाही.

आमच्या गटात यावर साधा तोडगा आहे. जीएम दुसऱ्या खात्याने खेळाडूंना दिसतो तसा नकाशा उघडतो आणि ती खिडकी डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर शेअर करतो. मी तोंडाने सांगते, "खांबामागे जाते, गोब्लिनच्या नजरेआड", आणि तो माझं टोकन हलवतो. शीट माझ्याकडे कागदावर. गंमत म्हणजे माझ्या हालचाली सगळ्यांना लक्षात राहतात, कारण त्या बोलून झालेल्या असतात. @धुक्यातला यांना आनंद होईल.

आणखी एक विनंती सगळ्या जीएम लोकांना: शत्रू लाल रिंगचे आणि मित्र हिरव्या रिंगचे, एवढ्यावर भागवू नका. रंग वेगळे न दिसणारा माणूस गटात असू शकतो. टोकनवर अक्षर किंवा आकडा टाका.

तीनदा_एक

मी खेळाडू म्हणून एकच तक्रार मांडतो. ऑनलाइन फासे माझ्यावर खार खाऊन आहेत. परवा ओळीने तीन वेळा १ पडला. हाताने टाकलेल्या फाशांना असं कधी होत नाही.

पोर्ट_३००००

होतं, लक्षात राहत नाही. टेबलावर फासा घरंगळून खाली जातो, कोणीतरी पुन्हा टाक म्हणतं, आणि तो १ विसरला जातो. चॅटच्या नोंदीत तो कायमचा दिसत राहतो.

गणित बघा. वीस वेळा डी२० (वीस बाजूंचा फासा) टाकला तर निदान एकदा १ येण्याची शक्यता ६४ टक्के. ओळीने तीन १ म्हणजे ८००० त एक. पण गटाने मिळून सेशनमध्ये शंभरेक फासे टाकले आणि कॅम्पेन वर्षभर चाललं, तर असं कोणाच्या ना कोणाच्या वाट्याला येण्यात नवल नाही. तुमच्या आला, एवढंच. फाउंड्रीचे फासे मर्सेन ट्विस्टर या यादृच्छिक आकडे काढायच्या पद्धतीने निघतात. खेळासाठी ते पुरेसं निष्पक्ष आहे, तुमच्या नावाशी त्याचं काही वैर नाही.

तीनदा_एक

म्हणजे नावातच दोष आहे तर. बदलून बघतो.

पाऊण_बार्ड

फाशांवरून आठवलं: व्हीटीटीत एक गोष्ट खऱ्या टेबलापेक्षा सरस आहे, ती म्हणजे ब्लाइंड रोल. फासा खेळाडू टाकतो, आकडा फक्त जीएमला दिसतो. लपून जाताना, सापळा शोधताना किंवा समोरचा खोटं बोलतोय का ते ताडताना हे फार छान लागतं. टेबलावर २ पडलेला दिसला की सगळा गट "मीही शोधतो" म्हणत पुढे येतो. इथे तुम्हाला काही सापडलं नाही एवढंच कळतं, आणि खरंच काही नव्हतं की फासा फसला हे कळत नाही. आमच्याकडे यामुळे दारं उघडायला लोक पुन्हा घाबरायला लागलेत.

कंदीलधारी

वा, हे माहीत नव्हतं. कंदिलाचं कोणीच बोलत नाहीये मात्र.

षट्कोनी

बोलतो. डायनॅमिक लाइटिंग म्हणजे नकाशावर भिंतींच्या रेषा आखायच्या, दारं वेगळी लावायची, खिडक्या वेगळ्या, आणि मग प्रत्येक टोकनला नजर आणि उजेड द्यायचा. मोठ्या तळघराला यात आख्खी संध्याकाळ जाते. डंजनड्राफ्टमध्ये नकाशा बनवलात तर युनिव्हर्सल व्हीटीटी प्रकारात भिंती आणि दिवे सोबत निर्यात होतात आणि फाउंड्रीत मॉड्यूल (वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) लावून तसेच उतरतात. तयार नकाशाचं जेपीजी आणलंत तर मात्र हाताने आखणं आलं. आउलबेअरमध्येही डायनॅमिक फॉग नावाचं एक्स्टेन्शन आहे, म्हणजे तुमचा हट्ट तिथेही पुरवता येईल.

आता नियमांचं. पाचव्या आवृत्तीत झाकणाचा कंदील ३० फूट लख्ख उजेड देतो आणि पुढचे ३० फूट मंद. मशाल २० अधिक २०. तुमच्या गटात एल्फ, ड्वार्फ भरले असतील तर कंदील पेटवणारच कोण? डार्कव्हिजनवाल्याला (अंधारात दिसणाऱ्या पात्राला) पडद्यावर सगळं स्वच्छ दिसतं. नियम मात्र सांगतो की गडद अंधार त्याला मंद उजेडासारखा दिसतो, रंग दिसत नाहीत, आणि नुसत्या नजरेने काही शोधायचं असेल तर डिसअॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी आकडा धरणं) लागतो. सॉफ्टवेअर अंधार दाखवतं, डिसअॅडव्हान्टेज आपणहून लावेलच असं नाही. तो जीएमच्या डोक्यात असायला लागतो. तेवढं सांभाळलंत तर कंदिलाला पुन्हा भाव येईल.

धुक्यातला

हाताने पुसायचं धुकं वापरा असं मी सुचवणार होतो, पण हट्ट म्हटल्यावर काय बोलणार.

जुना_परवाना

उशिरा येतोय. पैसे टाकण्याआधी एक बाजू कोणी मांडली नाही ती मांडतो: तुम्ही "विकत" घेतलेलं पुस्तक एका व्हीटीटीवरून दुसऱ्यावर सहसा नेता येत नाही. कागदी पुस्तक असो, पीडीएफ असो, तिसऱ्या ठिकाणची डिजिटल प्रत असो, नव्या ठिकाणी बहुधा पुन्हा पैसे. म्हणून गट कुठे स्थिरावतो ते बघेपर्यंत फुकट मजकुरावर खेळा.

पाचव्या आवृत्तीचा फुकट मजकूर म्हणजे एसआरडी, नियमांचा खुला केलेला गाभा. जानेवारी २०२३ मध्ये प्रकाशकांनी जुना खुला परवाना बदलायचा घाट घातला, त्यावर गदारोळ झाला, आणि त्याच महिन्यात त्यांनी माघार घेऊन एसआरडी ५.१ क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यात सोडला. व्हीटीटीवाल्यांनी तेव्हा सुटकेचा श्वास घेतला, कारण त्याच प्रस्तावात व्हीटीटीत जादूचे ॲनिमेशन दाखवावेत की नाही यावरही अटी होत्या. आता तो मजकूर कोणीही वापरू शकतं, म्हणून बहुतेक व्हीटीटींत तो तयार मिळतो. पण त्यात प्रत्येक क्लासची (पात्राच्या पेशाची) एकच सबक्लास (पोटप्रकार) आहे. तुमच्या खेळाडूंनी पुस्तकातल्या भलत्याच सबक्लासेस घेतल्या असतील तर त्या हाताने भराव्या लागतील. पाथफाइंडर या वेगळ्या आरपीजीच्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम खुल्या परवान्यात आहेत, त्यामुळे फाउंड्रीत ते जवळपास पूर्ण मिळतात, स्वयंसेवकांनी बनवलेले. ज्यांना आकडेमोड यंत्राने करावी असं वाटतं त्यांना तो खेळ तिथे फार सुखाचा जातो.

आणि कंपनी मोठी आहे म्हणून साधन टिकेल असं धरू नका. डी अँड डीच्या प्रकाशकांचंच सिजिल नावाचं थ्रीडी टेबल २०२५ मध्ये आलं आणि लगेचच त्यावरचे बहुतेक लोक कमी करण्यात आले. नकाशे, टोकनची चित्रं, सेशनच्या नोंदी, सगळ्याच्या मूळ प्रती स्वतःच्या डिस्कवर ठेवा.

पोर्ट_३००००

याला जोडून: फाउंड्री घेतलंत तर कॅम्पेन चालू असताना नवी मोठी आवृत्ती आली म्हणून लगेच चढवू नका. मॉड्यूल बनवणारे हौशी लोक असतात, त्यांना वेळ लागतो. सेशनच्या दिवशी तर अपडेटच्या बटणाकडे बघूसुद्धा नका. आणि मॉड्यूल मोजकीच. मला विचाराल तर फासे दिसण्यासाठी डाइस सो नाइस, आणि पुढचं मॉड्यूल एखादी अडचण खरोखर आल्यावर.

पाऊण_बार्ड

आवाज व्हीटीटीतून घेऊ नका, डिस्कॉर्ड किंवा तसलं काही वेगळं ठेवा. व्हीटीटीतला व्हिडिओ थेट एकमेकांना जोडलेला असेल तर पाच जणांत दहा जोडण्या होतात आणि प्रत्येकाला आपलं चित्र चार जणांना वेगवेगळं पाठवावं लागतं. शिवाय नकाशा अडकला आणि आवाज चालू असला तर खेळ पुढे सरकतो. दोन्ही एकत्र गेलं की सेशन गेलं.

वेळेचंही बघून ठेवा. युरोपात घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. त्यामुळे वर्षातून दोनदा काही दिवस तुमच्यातलं अंतर तासाने सरकतं आणि कोणीतरी रिकाम्या खोलीत एक तास बसतं. एकाच माणसाच्या घड्याळाला वेळ बांधा, बाकीच्यांनी आपापलं जुळवावं. डिस्कॉर्डमध्ये असा वेळेचा शिक्का टाकता येतो की प्रत्येकाला तो स्वतःच्या वेळेत दिसतो.

कंदीलधारी

सगळ्यांचे आभार, धागा साठवून ठेवलाय. चाचणी सेशन झालं. आउलबेअर, डायनॅमिक फॉग, आवाज डिस्कॉर्डवर, शीट ज्याची त्याच्याकडे. टॅबलेटवाला लिंकवरून बिनबोभाट आला. म्हाताऱ्या लॅपटॉपने मोठ्या तळघरावर मान टाकली. नकाशा अर्ध्या पिक्सेलवर आणला तर उठून बसला. लढाई संपल्यावर नकाशा काढून सरायीचं चित्र लावलं आणि लढाईसाठी येणाऱ्या दोघांनी सराय-मालकाशी अर्धा तास हुज्जत घातली. फाउंड्री सध्या नको. कथुलूला पत्रं-फोटो डिस्कॉर्डवर खाजगीत टाकीन.

एक राहिलं. तिरकी चाल कशी मोजता? पाच फूट धरली तर तिरकं जाणारा फार लांब पोचतो, असं त्याच दोघांचं म्हणणं.

षट्कोनी

पाचव्या आवृत्तीत चौकटीवर खेळताना तिरकी चौकटही पाच फूटच. हवा असेल तर पर्यायी नियम आहे: पहिली तिरकी पाच, दुसरी दहा, पुन्हा पाच. बहुतेक व्हीटीटींत मोजपट्टीला यातलं काय धरायचं ते ठरवता येतं. पहिल्या लढाईआधी ठरवा आणि त्या दोघांसमोर ठरवा. फायरबॉलचं वर्तुळही कोणत्या चौकटी धरतं ते तेव्हाच ठरवून टाका, नाहीतर पुढचा वाद तोच.

किंवा षट्कोनी ग्रिड घ्या. तिरकं हा प्रकारच नाही.

धुक्यातला

आलेच शेवटी षट्कोनावर.